सॉकेट एकच होतं तेव्हा

प्रस्तावना

१९९८ च्या पावसाळ्यात डोंबिवली पश्चिमेला, कोपर रोडवरच्या आमच्या खोलीत, लाकडी टेबलावर एक उघडा मदरबोर्ड मांडलेला असायचा. कॅबिनेट नाही, झाकण नाही. खाली वर्तमानपत्राची घडी, बाजूला एसएमपीएस आणि बोर्डावर 'सॉकेट ७' नावाचं पांढरं चौकोनी सॉकेट. त्याच्या कडेची बारीक दांडी उचलली की प्रोसेसर अलगद सुटायचा. दुसरा ठेवून दांडी खाली दाबली की तो बसायचा. इंटेलचा पेंटियम एमएमएक्स काढायचा, एएमडीचा के६ ठेवायचा, व्होल्टेजचा जंपर २.८ वरून २.९ वर न्यायचा, पंखा परत लावायचा आणि मशीन चालू करायचं. रॅम तीच, हार्ड डिस्क तीच, विंडोज तेच, खोलीतला दमटपणासुद्धा तोच. बदललेली वस्तू फक्त एक.

हे पुस्तक त्या टेबलावर सुरू झालं, असं मी मानतो.

टेबलाशी तेव्हा दोन माणसं नेमानं येऊन बसायची. एक ताई दिवाळी अंकांची अक्षरजुळणी घरून करायच्या. पेजमेकर, देवनागरी फाँट, दीडशे-दोनशे पानांची फाइल. एक परिच्छेद सरकवला की पुढची सगळी पानं सरकायची आणि त्या हाताची घडी घालून पडद्याकडे बघत राहायच्या. दुसरा माझा भाचा. त्याला 'क्वेक' खेळायचं असे. दोन्ही प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचे होते, किमतीत मात्र बराच फरक होता. मी घड्याळ लावून बसायचो आणि दोघांचे आकडे वहीत दोन रकान्यांत लिहायचो. ताईंच्या कामात स्वस्तातला के६ पुढे जायचा. भाच्याच्या खेळात तोच के६ स्पष्टपणे मागे पडायचा, भिंतीजवळून वळताना चित्र अडखळायचं. ताई म्हणाल्या, "मला हाच घाला." भाचा म्हणाला, "मामा, हा नको." दोघांनी पाहिलं होतं ते एकच यंत्र.

कारण समजायला मला काही महिने लागले. पूर्णांकांचा हिशेब करणारा विभाग के६ मध्ये तगडा होता, आणि पानं सरकवणं, अक्षरं मोजणं, फाइल शोधणं ही सगळी पूर्णांकांची कामं. अपूर्णांकांच्या गणिताचा विभाग मात्र पेंटियममध्ये असा बांधलेला होता की एक गुणाकार पुरा व्हायच्या आत पुढचा आत शिरायचा. के६ मध्ये आधीचा बाहेर पडल्यावरच पुढच्याला जागा. त्यात 'क्वेक'चा प्रोग्रामच पेंटियमची ही चाल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. म्हणजे भाच्याच्या पडद्यावर जो फरक दिसत होता त्यात प्रोसेसर बनवणाऱ्याचा हात होता तसाच खेळ लिहिणाऱ्याचाही होता. हे कळलं त्या रात्री मी वहीतल्या दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, 'काम'. त्या वह्या पुढे वाढत गेल्या. हे पुस्तक त्यांचंच वाचण्याजोगं रूप आहे.

माझ्या दुकानात येणारा माणूस विचारतो, "दादा, दोघांत फास्ट कुठला?" या प्रश्नाला मी सव्वीस-सत्तावीस वर्षं उत्तर देतो आहे आणि अजूनही एका शब्दात देत नाही. काही जण त्यावर नाराज होऊन जातात. त्यांना वाटतं, मी टाळतो आहे.

मुळात इंटेल आणि एएमडी एकमेकांसमोर आले कसे, हे थोडं सांगायला हवं. नाहीतर पुढची प्रकरणं हवेत राहतील. इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. दोन्हींचे संस्थापक फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या एकाच कंपनीतून बाहेर पडलेले. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला, पण एकाच कारखान्यावर अवलंबून राहायचं नाही म्हणून तोच प्रोसेसर बनवणारा दुसरा पुरवठादारही हवा, असा आग्रह धरला. त्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला. म्हणजे या स्पर्धेचा जन्म गिऱ्हाइकाच्या सावधपणातून झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे इंटेलने ३८६ चं तंत्र द्यायला नकार दिला, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले, आणि १९९१ मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ बाजारात आणला. इंटेलचा ३८६ जिथे ३३ मेगाहर्ट्झवर थांबला होता तिथे याचं ४० मेगाहर्ट्झचं रूप आलं. बोर्ड मात्र त्याच जातीचा. आकड्यांवर ट्रेडमार्क मिळत नाही म्हणून १९९३ मध्ये इंटेलने ५८६ म्हणायचं सोडून 'पेंटियम' हे नाव घेतलं, तेही या चुरशीपायीच.

पेंटियमचं नाव निघालं की विनोद धाम यांचं नाव निघतंच. त्यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला. कुटुंब फाळणीनंतर इकडे आलेलं, शिक्षण दिल्लीत. ३१ लाख ट्रान्झिस्टरचा पहिला पेंटियम ज्या गटाने बाजारात आणला त्याची धुरा त्यांच्याकडे होती. १९९५ मध्ये त्यांनी इंटेल सोडली आणि ते नेक्सजेन या लहान कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि नेक्सजेनच्या आराखड्यातून १९९७ च्या एप्रिलमध्ये के६ तयार झाला. माझ्या टेबलावर जे दोन प्रोसेसर आलटून पालटून बसत होते, त्या दोघांच्याही मागे पुण्यात जन्मलेला हा एकच माणूस होता. मला हे २००० नंतर कळलं. कळल्यावर मी त्या दोन चिप परत काढून शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. इंटेलवाला आणि एएमडीवाला असे दोन तट पाडून आमच्याकडची मुलं हमरीतुमरीवर येतात, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट आवर्जून सांगतो.

दुसरं नाव अवतार सैनी यांचं. ३८६ आणि ४८६ वर काम केलेले, पेंटियमच्या रचनेचं नेतृत्व करणारे आणि नंतर इंटेलचा भारतातला कारभार पाहिलेले हे अभियंते. २०२४ च्या फेब्रुवारीत पहाटे सायकल चालवत असताना नवी मुंबईत नेरूळला अपघातात गेले. डोंगरापलीकडची, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरची ही घटना. इथल्या हजारो घरांत त्यांच्या हातचं काम कधी ना कधी चाललं होतं, आणि ते गेल्याच्या दिवशी त्या घरांतल्या फार थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक होतं. त्याची हळहळ मला अजून आहे.

के६ ज्या वसंतात आला त्याच वसंतात सॉकेट फुटलं. मे १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ आणला तो सॉकेटमध्ये बसणारा नव्हताच. काडतुसासारखा उभा खोचायचा, 'स्लॉट १' मध्ये. एएमडी जुन्या सॉकेटवर आणखी दोन वर्षं राहिली. मग १९९९ मध्ये ॲथलॉन आला 'स्लॉट ए' वर. मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, मी पहिल्यांदा तो बोर्ड हातात घेतला तेव्हा मला वाटलं हा तर स्लॉट १ च. खाच तीच, लांबी तीच. फक्त उलटी बसवलेली, आणि आतली विजेची भाषा सर्वस्वी वेगळी. कनेक्टर बाजारात स्वस्त मिळत होता म्हणून तोच घेतला गेला, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डात चालणं कायमचं बंद झालं.

त्या दिवसापासून दोन प्रोसेसरांची निव्वळ तुलना कोणालाच करता आलेली नाही. आज कोणी 'इंटेलचा कोअर विरुद्ध एएमडीचा रायझन' असा तक्ता दाखवतो तेव्हा त्यात बोर्ड दोन असतात, चिपसेट दोन, बायोस दोन, रॅमचं जुळणं वेगवेगळं. तुलना होते ती दोन संपूर्ण मशीनची, आणि नाव दिलं जातं प्रोसेसरचं. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे. म्हणून इथे प्रत्येक मोजणीसोबत बोर्ड कोणता, रॅम कोणती, पंखा कोणता, खोलीचं तापमान किती हे लिहिलेलं आहे, आणि जिथे ते लिहिता आलं नाही ती मोजणी मी गाळली आहे.

आता वेगाविषयी. कोपरला राहणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे, कारण कोपरला फास्ट लोकल थांबत नाही. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधलं आमचं स्टेशन स्लो गाड्यांचं. फास्ट हवी असेल तर डोंबिवलीला जायचं. पण फास्ट गाडीचा रेक वेगळा असतो का? तेच बारा डबे, त्याच मोटरी. आज जो रेक स्लो म्हणून धावला तोच उद्या फास्ट म्हणून धावतो. तो लवकर पोचतो, कारण कोपरसारख्या स्टेशनांवर तो उभा राहत नाही. वेळ जातो तो थांब्यांत.

प्रोसेसरचंही अगदी असंच आहे. मेगाहर्ट्झ म्हणजे मोटरीची गती. पण मागितलेला आकडा रॅममधून येईपर्यंत प्रोसेसर शेकडो ठोके नुसता उभा असतो. तो थांबा टाळण्यासाठी प्रोसेसरच्या पोटातच थोडी झटपट स्मृती ठेवतात, तिला कॅश म्हणतात. १९९८ च्या एप्रिलमध्ये इंटेलने स्वस्तातला सेलेरॉन काढला आणि किंमत उतरवण्यासाठी त्याची दुसऱ्या पातळीची कॅश काढूनच टाकली. २६६ मेगाहर्ट्झचा आकडा खोक्यावर ठसठशीत, आणि गाडी प्रत्येक स्टेशनात उभी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चूक सुधारून सेलेरॉन ३००ए आला. त्यात अवघी १२८ केबी कॅश होती, पण ती प्रोसेसरच्याच वेगाने धावणारी. बसची, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेची, गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की तो ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा आणि कितीतरी महाग पेंटियम २ च्या बरोबरीने उभा राहायचा. त्या वर्षी मी जोडलेल्या मशीनपैकी बरीचशी याचीच होती. पंचवीस वर्षांनी, २०२३ मध्ये, एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये कॅशचा आणखी एक थर चिपवर चढवून ती ९६ एमबी केली गेली, आणि आठ कोअरचा तो प्रोसेसर इंटेलच्या चोवीस कोअरच्या 'कोअर आय९ १४९००के' ला बऱ्याच खेळांत मागे टाकू लागला. तेच दोघं ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन रेंडर करायला बसवले की आय९ सहज पुढे निघून जातो, कारण तिथे काम तुकड्यांत वाटता येतं आणि जितके हात तितका उरक. पुन्हा ताई आणि भाचा.

मेगाहर्ट्झच्या आकड्याने आपल्या लोकांचे पैसे घालवले ते खास करून २००० ते २००५ या काळात. ६ मार्च २००० ला एएमडीने एक गिगाहर्ट्झ गाठला, दोनच दिवसांनी इंटेलने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला पेंटियम ४ हा आकडा वाढवण्यासाठीच आखलेला होता. एका सूचनेचं काम वीस टप्प्यांत तोडलेलं. टप्पा लहान म्हणून ठोका जलद. पण पुढे रस्ता कुठे वळणार याचा अंदाज चुकला की वीसच्या वीस टप्पे रिकामे करून परत सुरुवात, जणू सांधा चुकीचा लागला म्हणून गाडी मागे न्यायची. २००४ च्या आवृत्तीत हे टप्पे ३१ झाले आणि चिप तापायला लागली. ॲथलॉन एका ठोक्यात जास्त काम उरकायचा, पण पाटीवरचा आकडा लहान दिसायचा. मग २००१ मध्ये एएमडीने गतीऐवजी नमुना क्रमांक छापायला सुरुवात केली: ॲथलॉन एक्सपी १८००+, प्रत्यक्ष गती १५३३ मेगाहर्ट्झ. गिऱ्हाईक घरी जाऊन मशीनमध्ये १५३३ पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणायचं, फसवलंत. कितीजणांना मी कागदावर गाड्या आणि स्टेशनं काढून समजावलं असेल. जे समजले त्यांनी शेजाऱ्यांना पाठवलं. जे समजले नाहीत त्यांनी पेंटियम ४ घेतला, आणि दोन उन्हाळ्यांत त्याचा पंखा घरभर ऐकू यायला लागला.

उन्हाळ्याचा विषय मी या पुस्तकात मुद्दाम लांबवला आहे. परदेशात छापलेल्या चाचण्या थंड केलेल्या खोलीत, उघड्या बाकावर, नव्या कोऱ्या पंख्याने होतात. आमच्याकडे मे महिन्यात खोली पस्तीसच्या वर असते, कॅबिनेट कपाट आणि भिंतीच्या सांदीत कोंबलेलं असतं, वर चादर पांघरलेली असते आणि आत रुळांकडून येणारी काळी धूळ हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसलेली असते. लोडशेडिंगच्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीत रोज तासन्‌तास वीज जायची. यूपीएसवर मशीन किती वेळ चालणार हेसुद्धा प्रोसेसर किती वॉट ओढतो यावर ठरायचं. तापलेला प्रोसेसर स्वतःची गती उतरवतो. २००१ मध्ये एका चाचणीचं चित्रण जगभर गाजलं: चालू मशीनचा हीटसिंक काढला तेव्हा पेंटियम ४ हळू होऊन चालत राहिला, ॲथलॉन मात्र धूर काढून जळाला. आता दोघंही स्वतःला सांभाळतात, पण सांभाळण्याची किंमत वेगातून वसूल होते. १४९००के पूर्ण जोरात असताना २५३ वॉटपर्यंत ओढू शकतो. तितकी उष्णता बाहेर काढणारा पंखा नसेल तर खोक्यावरचा आकडा खोक्यावरच राहतो. माझ्या वहीत जानेवारीत जिंकलेलं मशीन मेमध्ये हरल्याच्या नोंदी आहेत. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही इथे छापल्या आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर मी पुस्तकाचं एक अख्खं प्रकरण खर्च केलं. मोजायचं माप कोणाच्या कारखान्यात बनलं? इंटेल स्वतः कंपायलर बनवते, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेलं प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारं साधन. त्यातून बनलेले प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसरवर बनवणाऱ्याचं नाव कोणतं आहे ते पाहायचे, आणि ते इंटेल नसेल तर तो प्रोसेसर सक्षम असूनही त्याला संथ वाटेने पाठवायचे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०१० मध्ये झालेल्या तडजोडीत इंटेलला ही बाब ग्राहकांपुढे उघड करणं भाग पडलं. २०११ मध्ये एएमडी 'सिसमार्क' ही चाचणी बनवणाऱ्या संघटनेतून बाहेर पडली. एएमडीचं म्हणणं, या चाचणीतली कामं रोजच्या वापराशी जुळत नाहीत. एएमडीही आपल्या जाहिरातीत स्वतःला सोयीचीच कामं निवडते, हे त्या प्रकरणात तितक्याच स्पष्टपणे लिहिलं आहे. बाजारात भाजीवाल्याची दांडी बघणारी आपली माणसं पन्नास हजारांचं मशीन घेताना तक्ता कोणी बनवला हे विचारत नाहीत. ते त्यांनी विचारावं, यासाठी मी हे पुस्तक मराठीत लिहिलं. इंग्रजीत असं साहित्य पुष्कळ आहे. डोंबिवलीच्या डीटीपीवाल्या ताईंसाठी, कल्याणच्या हिशेबनिसासाठी, दिव्याच्या चाळीत राहून ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलासाठी नाही.

मोजण्याची पद्धत साधी ठेवली आहे. तयार चाचण्यांचे गुण मी दिलेले नाहीत. दोनशे पानांचा अंक पीडीएफ करायला किती वेळ, लग्नाचा तासभराचा व्हिडिओ निर्यात करायला किती, टॅलीत वर्षाचा हिशेब उघडायला किती, एवढंच. प्रत्येक काम तीनदा केलं आणि मधला आकडा घेतला, कारण पहिल्या खेपेला डिस्क जागी होत असते. विजेचं मीटर मशीनच्या वायरीवर लावलं, भिंतीवरच्या घराच्या मीटरवर विसंबलो नाही. गिऱ्हाइकांची मशीन वापरली ती त्यांच्या परवानगीने, आणि कोणाचंही नाव दिलेलं नाही.

सॉकेट किती वर्षं टिकतं, हेही मी कामगिरीतच धरलं आहे, आणि त्याबद्दल माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आलं. २०१७ मध्ये घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर बायोस बदलून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. त्याच काळात इंटेलने एलजीए ११५१, १२००, १७०० अशी सॉकेट बदलली; नवा प्रोसेसर म्हणजे बहुधा नवा बोर्ड. मित्र म्हणतात, याचा वेगाशी काय संबंध? ज्याच्याकडे पाच वर्षांनी फक्त प्रोसेसरपुरते पैसे असतात त्याच्यासाठी पाच वर्षांनंतरचा वेग यावरच ठरतो. ते पटत नसेल तर सहावं प्रकरण सोडून द्यावं, बाकीच्या मोजण्यांना धक्का लागत नाही.

तो सॉकेट ७ चा बोर्ड अजून माझ्याकडे आहे. मधल्या वर्षांत त्याचे दोन कॅपॅसिटर फुगले, ते बदलले. घड्याळाची बॅटरी तर किती वेळा बदलली. हे पुस्तक छापखान्यात पाठवण्याआधी मी तो परत टेबलावर मांडला, खाली वर्तमानपत्राची घडी घातली आणि १९९८ च्या वहीतल्या पहिल्या दोन मोजण्या पुन्हा करून पाहिल्या. ताईंनी त्यांच्या जुन्या अंकाची फाइल सीडीवर जपून ठेवली होती, ती उघडली. भाचा पुण्याहून आला होता, त्याने 'क्वेक' चालू केला आणि त्याच भिंतीजवळून वळून पाहिलं. पहिल्या प्रकरणात जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी आहेत. सध्या त्या सॉकेटमध्ये के६ बसलेला आहे. पेंटियम शेजारच्या डबीत, कापसावर.